भेटीची वेळ चार ते सहा

रविवार, १४ तारीख

ती. ताईस,

नमस्कार वाकून केला आहे असं समज; कंबरेचं आणि माझं हल्ली जमत नाही.

आधी माझ्यावर झालेला घोर अन्याय ऐक. तुझं जुनं हॉस्पिटल बंद पडलं, डॉक्टर गेले, पेशंट गेले, खाटासुद्धा भंगारात गेल्या. पण भेटीची वेळ अजून चार ते सहाच आहे. पहारेकरी मला दुपारी आत सोडेना. का, तर पाटीवर तसं लिहिलंय. वर विचारतो, कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला. तर म्हणे, नातं काय? कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन मी फाटकाशी उभा, वसुलीला आलेल्या माणसासारखा.

चारला आत गेलो. तुझा वॉर्ड रिकामा आहे, पण रात्रपाळी संपल्यावर तू जिथे उभी राहायचीस ती खिडकी शाबूत आहे. माझा कॅमेरा तुला ठाऊकच आहे: दोन भिंगांचा डबा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. रिळात बाराच फोटो, म्हणून विचार करून बटण दाबायचं. ही शिस्त तोंडालाही लागली असती तर बरं, असं तू म्हणशीलच.

बारीक नेम साधायला उजवा डोळा काचेजवळ नेला, तर खिडकीचा गज मधोमध वाकलेला. जाऊन हात फिरवला. सरळ. पुन्हा काचेत बघितलं, वाकडा. भिंग बिघडलं म्हणून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने उघडलं, पुसलं, काही झालेलं नाही म्हणून परत दिलं. मी त्याला धंदा बंद करायचा सल्ला दिला आणि आठवड्याने तोच कॅमेरा पुन्हा त्याच्यासमोर आदळला.

शेवटी फिल्म धुतली, फोटो छापला, एक डोळा मिटून गजावर फूटपट्टी ठेवली.

पट्टीही वाकली.

मग उजवा मिटून डाव्याने बघितलं. गज सरळ, पट्टी सरळ.

खरं तर हे पत्र फक्त हॉस्पिटलबद्दल लिहायला घेतलं होतं. तू दर पत्रात ‘डोळे दाखव’ लिहितेस आणि मी उत्तरात हवापाणी कळवतो. मला हॉस्पिटलचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये. इतकी हॉस्पिटलं आतून बघितलेला माणूस आपल्या घरात दुसरा नाही. फक्त ती बंद पडल्यावर बघितली, एवढंच.

तर परवा एका चालू हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल, म्हणाल्या. गेलेली नजर परत येईलच असं नाही, उरलेली राखायची. घाबरता का, असं विचारलं. मी म्हटलं, “बाई, मी शवागारात एकट्याने फोटो काढलेत.”

“तिथे कुणी सुई घेऊन उभं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी पहिली सुई. ठरलं म्हणजे ठरलं.

तुझी इमारत महिनाअखेर पाडणार आहेत. ऑपरेशनची खोली आणि मागचा जिना यांचे फोटो अजून राहिलेत, आणि ते मी घेणार. नजरेने नेम साधला नाही तरी भिंगाच्या कडेला अंतराचे आकडे असतात. शिंप्याची फीत घेऊन भिंतीपर्यंत मोजीन, आकडा लावीन, बटण दाबीन. शिवाय डावा डोळा आजवर बसून खात होता, त्याला कामाला लावतो. पहारेकऱ्याला आता नातंही सांगून ठेवलंय: बहिणीचा वॉर्ड. तेव्हापासून तो मला बघताच फाटक उघडतो, पण चारच्या आत नाही.

काल दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बोललेलं सगळं परत घेतलं. तो हसला नाही. मलाच स्टूल दिलं आणि माझ्या हातातला कॅमेरा घेऊन उगाचच पुन्हा पुसून दिला.

मंगळवारी तू येऊ नकोस, गुडघे सांभाळ. आलीसच, तर बाहेरच्या बाकावर बस. बाक सरळ आहे की नाही ते मला विचारू नकोस.

तू कधीची मागत होतीस आणि मी ‘उजेड चांगला मिळू दे’ म्हणून टाळत होतो, ती तुझी खिडकी सोबत पाठवतोय. छापताना डाव्या डोळ्याने तपासली आहे.

तुझा पेशंट,
धाकटा