ओळख न दाखवल्याबद्दल खुलासा

तीर्थरूप आत्यास, दोन्ही हात जोडून आणि (प्रयोगशाळेत माझ्या टेबलापाशी वाकायला जागा नसल्यामुळे) मनातल्या मनात वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा आहे हे मागच्या पत्रावरून कळलं, पण उजव्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, आणि तू ज्याच्याबद्दल बोलत नाहीस तेच जास्त दुखत असतं, असा माझा अनुभव आहे. (उदाहरणार्थ, बाबा. आठ वर्षांत तुझ्या एकाही पत्रात त्यांचा उल्लेख नाही. म्हणूनच पाकिटावर माझं अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, नाहीतर भावाचं पत्र समजून तू ते न उघडताच ठेवून द्यायचीस.) आमचं सगळं ठीक आहे. म्हणजे मंगळवारपर्यंत होतं. मंगळवारनंतर काय आहे त्याला नेमका शब्द सापडत नाही, पण मी परवापासून जिने चढताना दोन-दोन पायऱ्या चढते आहे.

तू दर वेळी विचारतेस की मी नेमकं करते काय, आणि मी दर वेळी 'मेंदूवर काम' असं म्हणून वेळ मारून नेते. आज नीट सांगते, कारण आज त्याची गरज आहे. काही माणसांची नजर चांगली असते, स्मरणशक्ती चांगली असते, पण चेहरा म्हणून काही ओळखता येत नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, पण ते कोणाचे हे काही केल्या उमगत नाही. अशी माणसं आवाजावरून, चालीवरून, केसांवरून ओळख पटवून निभावून नेतात. मेंदूच्या खालच्या अंगाला, जरा मागे, चेहऱ्यांच्या कामी येणारा एक पट्टा असतो. आमचा कयास असा की यांच्या बाबतीत तिथली जोडणी जरा वेगळी असावी. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, म्हणून आम्ही अशा कुटुंबांची थुंकी (हो, थुंकीच, तिच्यातून जनुकं मिळतात), मेंदूचे स्कॅन आणि चेहरे ओळखण्याची चाचणी असं सगळं गोळा करून एकमेकांशी ताडून बघतो. कारणीभूत जनुक अजून हाती लागलेलं नाही. थुंकी मात्र भरपूर जमली आहे.

आता अशा अभ्यासात तुलनेसाठी धडधाकट माणसंही लागतात, ज्यांच्या ओळखण्यात काही खोट नाही अशी. पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही, म्हणून मीच बसले. संगणकावर केस आणि कान कापून काढलेले साठ चेहरे येतात आणि आधी पाहिलाय की नाही एवढंच सांगायचं असतं. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर तीसेक बरोबर आली असती. माझी एकतीस आली. मी शास्त्रज्ञ असल्यामुळे ताबडतोब निष्कर्ष काढला की संगणक बिघडलाय, आणि ज्यानं ती चाचणी लिहिली त्याला बोलावणं धाडलं. (हा गेली तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. संगणकात डोकं खुपसून असतो म्हणून त्याला आम्ही 'कासव' म्हणतो.) पाच मिनिटांनी एक गुळगुळीत चेहऱ्याचा गृहस्थ दारात आला. मी शक्य तेवढ्या गोड आवाजात सांगितलं की चाचणीसाठी आलेल्या लोकांनी खालच्या मजल्यावर थांबायचं असतं.

"मीच आहे," कासव म्हणाला. "दाढी काढली."

मग तो समोरच्या खुर्चीवर बसला, माझ्या एकतीसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "कॅन्टीनमध्ये तू मला कधीच ओळख दाखवत नाहीस. तीन वर्षं मला त्याचं वाईट वाटतंय. जागा बदलून मागायचा अर्जसुद्धा लिहून ठेवलाय मी." आणि आत्या, मला इतके दिवस प्रामाणिकपणे वाटत होतं की तो कॅन्टीनमध्ये येतच नाही.

स्कॅन काढणाऱ्या बाईंनी त्याच दुपारी मला यंत्रात सरकवलं. चेहरे दाखवले तर माझा तो पट्टा ढिम्म, घरांची चित्रं दाखवली तर आतला दुसरा भाग लख्ख उजळतो. थोडक्यात, माणसाआधी मला त्याचा दरवाजा ओळखू येतो. आमच्या विभागप्रमुख बाई एरवी वर्षातून एकदा हसतात. त्या माझा निकाल बघून जवळजवळ टाळ्या पिटणार होत्या. "घरात आणखी कोणी?" त्यांनी विचारलं, आणि मी मंगळवारी आई-बाबांना घेऊन आले.

बाबांना बाहेर बाकावर बसवून मी कागद आणायला गेले. परत येते तो ते एका माणसाच्या खांद्यावर हात टाकून त्याच्या मोतीबिंदूची चौकशी करत होते. त्यांच्या समजुतीनं तो त्यांच्या कचेरीतला जुना सहकारी. प्रत्यक्षात तो लिफ्ट दुरुस्त करायला आला होता, पण बाबांनी इतक्या मायेनं विचारलं की नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. आई पलीकडे शांतपणे विणत बसली होती.

"मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं," ती टाके मोजत म्हणाली. "बाजारात माझ्यासमोरून तीनदा गेले. तेव्हापासून बाहेर पडताना मी लाल पिशवी घेते."

"मग कोणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय? पिशवी ओळखतात ना बरोबर."

(हेही पूर्ण खरं नाही. एकदा ते दुसऱ्याच लाल पिशवीमागून दातांच्या दवाखान्यात गेले होते आणि लाजेखातर दात तपासून आले.)

बाबांची उत्तरं बरोबर आली अठ्ठावीस, म्हणजे नाणं त्यांच्यापेक्षा हुशार निघालं. मग केस झाकलेले घरातल्यांचे फोटो. माझा फोटो पाहून म्हणाले, "परिचारिका असावी." स्वतःचा पाहून म्हणाले, "हा माणूस काही मला सरळ वाटत नाही." तुझ्यापाशी मात्र बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "करारी बाई आहे. शाळा तपासायला यायची ती का?" (एवढ्यात रागावू नकोस, पुढे वाच.)

शेवटी आवाज. आपली एक जुनी कॅसेट आहे, तुझ्या तरुणपणची, तिच्यात मागे कुठेतरी तू बाबांना झापते आहेस: "ओली छत्री पुस्तकांवर ठेवायची नसते, किती वेळा सांगू." चार सेकंदांचा तुकडा. कानाला हेडफोन लावले, मी कळ दाबली, आणि 'छत्री' शब्द पुरा व्हायच्या आत बाबा म्हणाले, "ताई." बस, एवढंच. तुकडा संपला तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "परत लावतेस?" नियमाप्रमाणे प्रत्येक आवाज एकदाच ऐकवायचा असतो. मी पाच वेळा लावला. (विभागप्रमुख बाईंना मी एकदाच सांगितलंय.)

मग मी त्यांना विचारलं की ताई बोलत का नाही, काही अंदाज? "काहीतरी चुकलं असेल माझं," ते म्हणाले. "काय ते सापडत नाही." तेव्हा तू एकदा भेटीत, 'कोणाला सांगू नकोस' म्हणून मला सांगितलेलं मी सांगून टाकलं. की आठ वर्षांपूर्वी तू लांब केस कापून टाकले होतेस, चष्मा नवा होता, आणि स्टेशनवर तू गंमत म्हणून काही न बोलता हसत त्यांच्यापुढे उभी राहिलीस. आणि ते म्हणाले, "बाई, जरा बाजूला होता का, वेळापत्रक दिसत नाही."

आईचं विणणं थांबलं. "त्या बाई मला आठवतात," बाबा म्हणाले. "मी वळून पाहिलं होतं. रडताहेत की काय, असं वाटलं. मनात आलं, आत्ता ताई असती तर तिनं जाऊन विचारलं असतं."

असं झालं, आत्या. खरं तर मला वाईट वाटायला हवं, पण मी हवेत आहे. आठ वर्षांचा अबोला, आणि त्यात कोणाच्या मनात काही नव्हतंच, जे होतं ते मेंदूच्या एका घडीत. मी सध्या इमारतीभर दिसेल त्याची माफी मागत सुटले आहे, न जाणो कोणाला दुखावलं असेल. दोघे तर अगदीच अनोळखी निघाले, तरी त्यांनी मोठ्या मनानं क्षमा केली. कासवानं अर्ज फाडला. आता तो दहा पावलांवरूनच "मीच आहे" असं ओरडत येतो आणि अख्खं कॅन्टीन वळून बघतं.

तुझी, थुंकी गोळा करणारी,
भाची

ता. क. पाकिटात एक छोटी नळी आहे. अर्धा तास काही न खाता-पिता रेघेपर्यंत थुंकायचं. फेस धरला जात नाही.

ता. क. २. सोबतच्या अर्जात चौदावा प्रश्न आहे: 'जवळच्या व्यक्तीला ओळखण्यात आपली कधी चूक झाली आहे का?' तिथे शाईनं 'कधीच नाही' लिहू नकोस. मागच्या महिन्यात आई तुमच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला आली होती. औषधांच्या दुकानात ती तुझ्याकडे बघून दोन हातांवरून हसली. तू तिला सांगितलंस, "रांग मागून आहे." तुम्ही बोलत नाही म्हणून तसं केलंस, असं ती समजत होती. मंगळवारपासून समजत नाही.

ता. क. ३. नळी न्यायला पुढच्या शनिवारी दहाच्या बसनं बाबा येतील. पुन्हा ओळखलं नाही तर, या धास्तीनं ते आत्ताच नको म्हणताहेत. तेव्हा दार उघडून हसत गप्प उभी राहू नकोस. उघडल्या उघडल्या त्यांना झापायला लाग. विषय कुठलाही चालेल, आठ वर्षांचा साठा असेलच.

ता. क. ४. नळी पोस्टानंही पाठवता येते. हे बाबांना कळू देऊ नकोस.