गुच्छांनी आलेली फुलं

मंगळवार, ता. ९

चि. खारूताईस,
आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा आहे तिथेच आहे, फक्त आता त्याचं जिन्याशी पटत नाही. लिहायला तुझी वहिनी बसली आहे. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा. मांजरीनं कपाटात पिल्लं घातली, तीही तुझ्या दादाच्या इस्त्रीच्या शर्टांवर. तो अजून तिच्याशी बोलत नाही.

तुझं पत्र वहिनीनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं. जायफळाची झाडं सातव्या वर्षी फुलली, चाळिसातली सव्वीस. "आजी, गुच्छच्या गुच्छ आलेत!" आणि आता बागच बघायची म्हणून येत्या सोमवारी तू शाळेत राजीनामा देणार.

देऊ नकोस. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ साखरेत बुडते. कागदावर उतरलेलं मला खोडता येत नाही, कारण वाचताच येत नाही, तर काय खोडायचं तेच कळत नाही.

एक काम कर. एक गुच्छ हातात घे आणि फुलं मोज. सात, आठ, दहा? मादी झाडाला फूल एकटंदुकटं येतं, फार तर दोन-तीन. तेच फुगतं, फळ होतं, पिकून उकलतं, आणि आत लाल जायपत्रीत गुंडाळलेलं जायफळ. गुच्छांनी फुलतो तो नर. मिरवतो, वास सोडतो आणि गळून पडतो. अशी माणसंही तू पाहिली असशील. दहा माद्यांत असा एक पुरतो. सव्वीस म्हणजे वरातच की गं.

हसू नकोस. मीही हसत नाहीये.

"पण आजी, तू तर पान बघून मादी रोपं निवडून दिली होतीस!" दिली होती. अख्खी आळी माझ्याकडे रोपं दाखवायला आणते. रुंद पान मादी, निमुळतं पान नर, असं पंचवीस वर्षं ठोकून देतेय. बाई गं, फूल आल्याशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही. निम्मी बरोबर निघायची आणि लोक तेवढीच लक्षात ठेवायचे.

एवढंच असतं तर म्हातारीची थाप म्हणून तू सोडून दिलं असतंस. वहिनी म्हणते, आधी चहा घ्या. नको. लिही.

आजोबांनी जाण्याआधी चाळीस कलमं बांधली होती, परसातल्या मोठ्या मादी झाडाच्या काड्यांची. मादीची काडी बांधली की झाड मादीच, त्यात शंका नाही. ती कलमं तुझी होती. तसं त्यांनी मला बजावलं होतं. लग्न होऊन तू निघालीस आणि दादा म्हणाला, "कलमं मला दे, नाहीतर मीही जातो." एवढ्या घरात एकटी राहायला मी घाबरले. कलमं त्याच्या जमिनीत गेली. तुला बियांची रोपं दिली, आणि एकेका पानावरून बोट फिरवून नाटक केलं. तू टाळ्या वाजवत होतीस.

वहिनीनं पेन खाली ठेवलं. "आजी, हेसुद्धा लिहू?"

"का? झाडं तुझ्या नवऱ्याची म्हणून शाई आटली?"

लिहिलं बिचारीनं.

आता ऐक. रागाच्या भरात नर तोडू नकोस. त्यांच्या बुंध्याशी सरळ धुमारे फुटले असतील, त्यांवर मादीच्या काड्या बांधू. तीन-चार वर्षांत फळ धरेल. चार नर तेवढे राख. आजोबा दोरी गुंडाळायचे आणि सुरी मी चालवायचे. एवढं मात्र मला खरंच येतं.

परसातलं झाड मागच्या वादळात पडलं, म्हणून गुरुवारी दादाच्याच झाडांच्या काड्या कापणार आहे. त्याला विचारलेलं नाही. वहिनी म्हणते, मी शिडीवर चढते, तुम्ही खालून बोट दाखवा.

शुक्रवारी सकाळच्या बसनं येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. पण ओल्या फडक्यातलं गाठोडं तेवढं आत घे. काड्या दोन दिवसांत सुकतात. मी पायरीवर बसेन. मला सुकायला वेळ लागतो.

तुझ्या वाटणीची झाडं दुसऱ्याला देणारी,
आजी