थेल्माला दिलेलं फावडं

१० जानेवारी
पोकलेन आला! लिलावातला आहे, थोडा गंजलाय, पण चेन मजबूत. ग्लेनिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, बेव्हन, आपल्या गाई बारा, हा कशाला? धरण बांधतोयस का? बायकोची दृष्टी परसापुरती. आयुष्यभर पाठ मोडून घेतली, आता बास.
ठराव: आजपासून या घरात फावड्याला हात लावायचा नाही. जुनं फावडं शेजारच्या थेल्माला देऊन टाकलं. म्हणालो, मला याची गरज आता पडायची नाही. तिने विचारलं, मग कायमचं ठेवू? ठेव म्हणालो. माणसाचं मन मोठं असावं.

१४ जानेवारी, सकाळ
जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, उशिराच्या बटाट्यांचा वाफा करायचा होता. फावड्याने अख्खा दिवस गेला असता. पोकलेनने चहा निवायच्या आत उरकला.

संध्याकाळ
वाफा किंचित खोल झालाय. ग्लेनिस काठावर उभी राहून म्हणाली, यात बटाटे लावायचेत की आपण दोघांनी आडवं व्हायचंय?

१९ जानेवारी
वाफ्यात पाणी साचलं. बदकं राहायला आली. तसंही मला तळं हवंच होतं.

२ फेब्रुवारी
छपराच्या पन्हळीत पाला अडकला होता. शिडी कोण चढतो? बकेट लावली. पाला निघाला. पन्हळही निघाली. ग्लेनिस म्हणाली, छप्पर ठेवलंस, उपकार झाले. टोमणा होता, पण आवाजात कौतुकही होतं असं मला वाटतं.

२० फेब्रुवारी
भोपळ्याविषयी लिहायला हवं. घरात दुसरा विषयच नाही.
बी ग्लेनिसच्या वडिलांचं. म्हातारा जन्मभर एप्रिलच्या शेतकी प्रदर्शनात भोपळा नेत राहिला, सगळ्यात जड भोपळ्याची निळी फीत एकदाही मिळाली नाही. नंतर ग्लेनिस नेऊ लागली. पहिली थेल्मा, दुसरी ग्लेनिस, दरवर्षी हेच. पण यंदाचा भोपळा माझ्या कमरेला लागतोय. ग्लेनिस रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसते. ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर माझी चादर घातलीये. माझी! म्हणाली, बाबांसाठी एकदा तरी जिंकायचंय, मग नाही लावणार.
नियम कडक. सालीला चीर गेली की भोपळा बाद.
मी म्हणालो, नेण्याची काळजी सोड, पोकलेनने फुलासारखा उचलून गाडीत ठेवतो. तिने स्टूल भोपळ्याच्या आणखी जवळ ओढलं. होकार समजलो.

३ मार्च
सराव. कोंबड्यांचं खुराडं उचलून झाडाखाली ठेवलं. अगदी अलगद. दार तेवढं जुन्या जागी राहिलं.

९ मार्च
कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. हवा बदलल्यामुळे असणार.

१६ मार्च
सराव दुसरा, लहान भोपळ्यावर. रात्री भोपळ्याचं सूप. उद्याही सूप.
थेल्मा कुंपणावरून सगळं बघत होती. म्हणाली, अरे, लोकरीचे गठ्ठे ज्यात बांधतात ना, त्या जाड कापडावर चढवायचा आणि सहाजणींनी ओढायचा, माझा दरवर्षी तसाच जातो. मी हसलो. बिचारी.

७ एप्रिल
पाऊस.

९ एप्रिल
पाऊस. ग्लेनिसने विचारलं, कापडाचं थेल्माला सांगून ठेवू का? म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही का? बराच वेळ विचार करून म्हणाली, ठीक आहे. एवढा विचार करायची गरज नव्हती.

१० एप्रिल
उद्या प्रदर्शन. सकाळीच वजनकाटा बंद होतो.
भोपळ्यापर्यंत गाडी जावी म्हणून फाटकापासून रस्ता सपाट करायला घेतला. पोकलेन फाटकात आला आणि म्हैस डबक्यात बसते तसा बसला. हलवावा तितका खाली जातोय. फाटक एकच. गाडी आत, रस्ता बाहेर.
रुतलेल्याला जो बाहेर काढेल त्याला बिअरचं खोकं द्यायचं, हा इथला कायदा. पलीकडच्या शेतावरच्या कॉर्बेटला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं आणि खोकं आधीच फ्रिजमध्ये ठेवलं. त्याने खिशात हात घालून दोन फेऱ्या मारल्या, शीळ घातली. म्हणाला, माझ्या ट्रॅक्टरच्या बापाचं काम नाही, जमीन वाळू दे. कधी वाळेल विचारलं. म्हणाला, हिवाळा सरला की, नोव्हेंबरात.
ग्लेनिस ओरडली नाही. रेनकोट घालून भोपळ्याजवळ स्टुलावर जाऊन बसली, चादर नीट केली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. हे इथेच लिहितो, बाहेर बोलायचं नाही.

११ एप्रिल, सकाळ
चहा ओतत होतो तेवढ्यात थेल्मा पाच बायकांना घेऊन आली. मधल्या कुंपणाच्या तारा तिने स्वतःच्या पकडीने कापल्या. पलीकडे ट्रेलर उभा, त्यावर तिचा भोपळा आधीच चढवलेला. ग्लेनिस म्हणाली, अगं, माझा नेलास तर तू हरशील. थेल्मा म्हणाली, आपल्या दोघींचं काय ते काटा ठरवेल, याचा चिखल नाही ठरवणार.
मी मदतीला पुढे झालो. थेल्मा म्हणाली, तू हात खिशात ठेव. ठेवले. कापडावरून भोपळा कुंपणापार गेला, फळीवरून ट्रेलरवर चढला. एक चीर नाही. टेबलावरचा माझा चहा अजून गरम होता.
जाताना बायकांनी फ्रिजमधलं खोकं नेलं. कायदा म्हणजे कायदा. गाडीत मला जागा नव्हती.

संध्याकाळ
ग्लेनिसला निळी फीत. थेल्मा दुसरी. माईकवर वडिलांचं नाव घेतलं तेव्हा ग्लेनिस रडली म्हणे, आणि तिच्याहून जास्त थेल्मा रडली. ग्लेनिस म्हणाली, आज बाबा हवे होते. मग म्हणाली, तूही हवा होतास.

१३ एप्रिल
पोकलेन तिथेच. बिअर संपल्याची बातमी पसरलेली दिसते, कुणी फिरकत नाही. इंजिन चालू करायला चढलो तर सीटवर तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. ग्लेनिस म्हणाली, खबरदार तिला उठवलंस तर, सव्वा महिन्यानंतरची पहिली अंडी आहेत.
म्हणजे फाटक मोकळं करायचं तर पोकलेनभोवतीचा चिखल हातानेच काढायला हवा. तात्पुरतं. ठराव मोडला असं होत नाही.
थेल्माकडे गेलो. तिने फावडं आणून दिलं. पातं घासलेलं, दांड्याला तेल लावलेलं. निघालो तेव्हा मागून म्हणाली, शनिवारी परत आण आणि चिखल धुऊन आण, माझं आहे ते.