बाजनाम्याची शेवटची पानं

भोकरदन,
ता. १२ जानेवारी १९९४

प्रिय याकूब,

तुला सलाम. अम्मीला माझा नमस्कार इतक्यात सांगू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.

इकडे सगळं ठीक. शाळेतून रिटायर झाल्यापासून दिवसभर पुस्तकांत असतो. शिकारी पाखरांची जुनी सचित्र पुस्तकं आता चौदा झाली. परवा जालन्याच्या रद्दीवाल्याकडे ससाण्यांच्या चित्रांचं एक मिळालं, वाळवीनं अर्धं जेवून ठेवलेलं. उषाबाई म्हणाली, "पाखरांपायी तुमी माणसं इसरून राह्यले." बायको रागावली की खरं बोलते.

तुझी तिन्ही पत्रं पोचली, उत्तर मीच दिलं नाही. टपालाला दोष देत नाही. अम्मीनं अंथरूण धरलंय आणि तिला अब्बांचा बाजनामा एकदा हातात हवाय, हे तिसऱ्या पत्रात वाचलं.

धावड्याचं घर सोडून तुम्ही शहागडला निघालात, तेव्हा तुझा दोस्त म्हणून अम्मीनं तो माझ्याकडे सांभाळायला दिला. तुझे पणजोबा जहागीरदाराचे बाज सांभाळायचे, त्या काळातलं, शिकारी बाजांच्या चित्रांचं हातानं रंगवलेलं पुस्तक. चित्रांच्या कडा फाटल्या होत्या. आम्हा जमवणाऱ्यांची एक रीत आहे. जुन्या चित्राला ठिगळ त्याच वयाच्या कागदाचं लावायचं. नवा कागद लगेच ओळखू येतो. पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं होती. कोरी म्हणजे, पेन्सिलीनं उर्दूत काहीतरी लिहिलेली. मला उर्दू येत नाही. मी ती कापली, पट्ट्या केल्या आणि खळ लावून चित्रांच्या मागे चिकटवल्या. काम इतकं सुबक झालं की चार जणांना घरी बोलावून दाखवलं.

तुझं पत्र आल्यावर ती चित्रं उजेडात धरून मागच्या पट्ट्यांवरचं उर्दू शाळेच्या बाईंकडून जमेल तेवढं वाचून घेतलं. अब्बांनी घरातले जन्म-मृत्यू लिहून ठेवले होते. पांढऱ्या बाजाच्या पंखामागे रजिया निघाली. तुझी धाकटी बहीण, सहाव्या वर्षी गेली ती.

काल ती पट्टी सोडवली. ओल्या फडक्यानं खळ सुटते, पण रंगही सुटतात. बाजाच्या डोळ्यांवर चढवतात ती लाल टोपी साऱ्या पानावर ओघळली. तरी नोंदींसाठी बाकीच्याही सोडवल्या. अकरा चित्रं गेली. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, म्हणून अक्षरं वाचली. रजियाचं नाव आहे, जन्माची तारीख आहे. ती गेली तो दिवस माझ्या कात्रीखाली गेला. उरलेले कपटे मी तेव्हाच चुलीत घातले होते.

चित्रांसाठी मी रडलो, खोटं कशाला बोलू? आणि रडताना कळलं, की हे रडणं रजियासाठी नाही. फार लाज वाटली.

आता राहिलेलं लिहितो. मला उर्दू येत नाही हे खरं, पण ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तक देताना अम्मी म्हणाली होती, "बद्री, पीछे मेरी बच्ची का नाम है. संभालना बाबा." मी "हो अम्मी" म्हणालो. कात्री हातात घेतली तेव्हा ते आठवलंसुद्धा. वाटलं, आता कोण परत मागायला येतंय.

येत्या सोमवारी बाजनामा आणि पट्ट्या घेऊन येतो. रजिया गेली ती तारीख तुला आठवत असेल तर लिहून ठेव, अम्मीला विचारायची माझी छाती नाही. बाकीचं तिला मीच सांगेन. मला घरात घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ती ठरवेल.

'तुझा' लिहायला हात धजत नाही,
बद्रीनाथ