तेनीने लिहिलेला होकार

इलेशा, शनिवार

तीर्थरूप लाडिपोदादा यांना,
मोरोंकेचा दोन्ही गुडघे जमिनीला टेकून नमस्कार.

गुरुवारी तुमचं सामान पोचलं. तुमच्या जोस गावचे बटाटे पोतं एक (तळातले सात नासके निघाले, ते शेजारच्या शेळीला घातले, म्हणजे वाया गेले असं कुणी म्हणू नये), तेनीसाठी अवघड इंग्रजी शब्दांच्या पुस्तकाचा दुसरा भाग एक, आणि तुमचं चार पानी पत्र एक. लॉरीवाल्याने आठ नायरा मागितले, सहावर मिटलं. पत्र फारच सुंदर. तेनीच्या बाबांनी ते जेवणाआधी उभं राहून मोठ्याने वाचलं आणि शेवटी आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? बुधवारच्या उपासाला मी त्यांचं नाव न चुकता घेते. आम्ही देवाच्या दयेने सुखरूप आहोत. दहा दिवसांपूर्वी नव्हतो, आणि तेच सांगायला बसले आहे.

पहिला भाग तुम्ही गेल्या वर्षी पाठवलात तेव्हाच मी ठरवलं की पोरगी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत मागे पडता कामा नये. रोज दहा शब्द. मी ते कागदावर उतरवून चुलीमागच्या भिंतीला चिकटवायची आणि संध्याकाळी अर्थावर हात ठेवून विचारायची. मी मॅट्रिक झालेली बाई, दादा, तुम्हीच शिकवलंत. पण खरं सांगते, तिचं उत्तर आणि छापलेलं उत्तर सारखं दिसतंय का एवढंच मी पाहत होते. अर्थ मला कळतो की नाही हे तिने कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. तेनीचे शब्द वाढत गेले. मीठ मागायची तर त्याच्या आधी तीन विशेषणं यायची. चर्चमध्ये बायका म्हणायच्या, मोरोंके, तुझी मुलगी तर बिशप होणार! मला अभिमान वाटायचा (अभिमान हे पाप आहे हे ठाऊक असून).

अशात थोरल्या फेयिशाराला इजेबूच्या ओशिनोवोंकडून मागणं आलं. दोन्ही घरांच्या ओळखीच्या बैठकीतच मागणीचं आणि होकाराचं अशी दोन्ही पत्रं वाचून घ्यावीत असं मी सुचवलं, म्हणजे एकाच मांडवात भागेल. मुलाकडचं पत्र वाचायचं काम नेहमीप्रमाणे नवरीच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे तेनीकडे. मला वाटलं, वाचणारच आहे तर होकारही तिलाच लिहू दे. एवढे शब्द घरात असताना बाहेरून कशाला लिहून घ्यायचा? तिने तीन दिवस खोलीचं दार लावून लिहिला. दोन पानं.

बैठकीत तिने तो वाचला तेव्हा माशी हलली नाही. पहिल्याच ओळीत ‘मॅग्नॅनिमिटी’. पुढे ‘लॅक्रिमोज’ आला तेव्हा माझी मान डोलली, कारण तो सोमवारचा शब्द होता, डोळे भरून आलेले असा त्याचा अर्थ. बाकी सगळं डोक्यावरून विमानासारखं गेलं. तेनीचे बाबा मान डोलवत होते. नवऱ्यामुलाचे काका, पापा ओशिनोवो, डोळे मिटून डोलत होते आणि शेवटी म्हणाले, “स्वातंत्र्यानंतर असं इंग्रजी कानावर पडलं नव्हतं!” टाळ्या झाल्या, पाहुणे जेवले, पत्र घेऊन गेले.

आणि आलेच नाहीत. रीतीप्रमाणे दोन-तीन दिवसांत मुलाकडच्यांनी लग्नात आणायच्या वस्तूंची यादी न्यायला यायचं असतं. बेचाळीस कंद, मध, मीठ, कोलाच्या बिया, सगळी यादी मी रेघा मारून तयार ठेवली होती. चार दिवस गेले, सहा गेले. फेयिशारा हॉस्पिटलातून ड्युटी करून यायची आणि न जेवता निजायची. सातव्या दिवशी ती फणकारली, “आई, तुझ्या पंडितेने मला दिलंय की नाकारलंय, तेवढं तरी विचार!” तेनी म्हणाली, “ताई, इतकं सुंदर लिहिलंय, आणि तुला अर्थच दिसतो?” त्यानंतर दोघी बोलेनात.

मुलीकडच्यांनी मुलाकडचं दार ठोठवायचं नसतं हे मला कळतं. पण त्यांची निळ्या फुलांची थाळी आमच्याकडे राहिली होती, आणि दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं बरं नाही. म्हणून नवव्या दिवशी थाळी आणि तेनी घेऊन मी इजेबूला गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकले. भिंतीवर त्यांच्या आजोबांच्या फोटोशेजारी आमचं पत्र, काच लावून, सोनेरी चौकटीत! खाली पापा ओशिनोवो सुतकात बसल्यासारखे. त्यांनी ते पाद्र्यांना दाखवलं होतं, ते म्हणाले, सांत्वनाचं दिसतंय. कोर्टातल्या कारकुनाला दाखवलं, तो म्हणाला, सभ्य शब्दांत नकार. आम्हाला विचारायला कुणी आलं नाही, कारण विचारलं तर कळलं नाही हे उघड झालं असतं. “मग चौकट कशाला केलीत?” मी विचारलं. म्हणाले, “बाई, एवढ्या सुंदर भाषेत आम्हाला आजवर कुणी नाकारलं नव्हतं.”

मी तेनीला म्हटलं, सांग आता, आपल्या घरच्या बोलीत. दादा, ती उभी राहिली आणि तिला सुरुवातच सापडेना. वर्षभर जिने एक शब्द अडू दिला नाही, तिचे ओठ नुसते हलत होते. मग गुडघे टेकून म्हणाली, “ताई तुमच्याकडे यायला राजी आहे. तिला सकाळी लवकर उठवत नाही, त्यावरून तिला बोलू नका.” आणि रडायला लागली. मुलाच्या आईने तिला उठवून पोटाशी धरलं. पापा नाक शिंकरत म्हणाले, “पोरी, एवढंच लिहायचं होतंस!” थाळीतच ठेवून नेलेली यादी त्यांनी तिथल्या तिथे घेतली. (चौकट मात्र उतरवली नाही.)

परतताना बसमध्ये मी विचार करत होते. मोठे शब्द मोठ्या हंड्यासारखे असतात. घरात हवेत, पाहुणे येतात, परीक्षा येते. पण रोजचं लहान पातेल्यातच शिजतं, आणि ते मी माळ्यावर टाकलं होतं. दोष पोरीचा नाही. ज्या घरात कुणी कळलं नाही म्हणत नाही, तिथे लिहिणाऱ्याला तरी कसं कळावं? आता रोजचे दहा शब्द चालूच आहेत, पण प्रत्येकाचा अर्थ तिने मला आपल्या बोलीत पटवायचा, आणि मला पटला नाही तर मी तसं तोंडावर सांगायचं. परवा सहा शब्द मला कळले. उरलेले चार तिलाच कळलेले नाहीत असं निघालं.

लग्न ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी. वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
मोरोंके

ता. क. लग्नाच्या दिवशी वाचायचं पत्र घरातल्या थोरल्याने, म्हणजे तुम्ही लिहावं. आपल्या बोलीत, अर्ध्या पानात.

ता. ता. क. आता लाज सोडून लिहिते. तुमच्या पत्राचं तिसरं पान आम्ही चौघांनी पाच वेळा वाचलं, तेनीने दोन्ही भाग उघडून पाहिलं. तुम्ही लग्नाला येणार आहात की नाही? फेयिशाराचा हात तुम्हीच त्यांच्या हातात द्यायचा आहे, तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला देता येत नाही. उलट टपाली कळवा. एकच शब्द पुरे, आणि तो लहान असू द्या.