महाराणीची शर्यत आणि वारं बाधलेला कॉम्प्युटर

२१ एप्रिल, मंगळवार
कोशावा वारा सुटला आहे. खिडकी सारखी खडखडते. फटीत घालायला काही सापडेना. कॉम्प्युटरच्या पाठीमागे लाल दिव्याची बोटाएवढी काडी उगाच खुपसलेली होती. काढली, फटीत ठोकली. अगदी मापाची. कबुतरांचा प्रोग्रॅम तसाच चालू, म्हणजे काडी बिनकामाचीच. कंपन्या काहीही खपवतात.

रविवारी कबुतरांची शर्यत. माझी महाराणी पहिली येणार. पाखरू घरच्या खुराड्यापुढच्या पाटावर उतरलं की प्रोग्रॅम त्याच्या पायातलं कडं ओळखून वेळ टिपतो. यंदा क्लबात मी ठरावच पास करून घेतला: प्रोग्रॅम टिपेल तीच वेळ खरी. शेजारचा गाव्रा अजून स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून वेळ सांगतो. आता बसेल बोंबलत.

२२ एप्रिल, बुधवार
ढग गडगडले म्हणून देसांकाने कॉम्प्युटर बंद केला. बायकोला काय कळणार! घेतल्यापासून मी तो एकदाही बंद केलेला नाही. आता सुरू होतो, पण प्रोग्रॅम उघडत नाही. 'चावी सापडली नाही' म्हणतो. घरातल्या चाव्या देसांकाच्या एप्रनमध्ये असतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

निदान सोपं आहे. परवा दार आणि खिडकी एकदम उघडी होती. कॉम्प्युटरला वारं बाधलं. देसांका म्हणाली, अरे, वारं माणसाला बाधतं, मशीनला नाही. मी विचारलं, मग तुझ्या मामाचं तोंड कशाने वाकडं झालं? ती म्हणाली, मामीने. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

संकल्प: उद्या दुरुस्ती. शांतपणे. देसांकावर न ओरडता.

२३ एप्रिल, गुरुवार
देसांकावर ओरडलो.

कॉम्प्युटर रकियाने, म्हणजे फळांच्या घरगुती दारूने, चोळून पुसला. उरलेली रकिया मी घेतली. वैद्यानेही प्रकृती सांभाळली पाहिजे. मग त्याला लोकरी शालीत गच्च गुंडाळला. चांगला गरम झाला. नंतर आपोआप बंद पडला. घाम आला की झोप लागतेच. उद्या टुणटुणीत होईल.

२४ एप्रिल, शुक्रवार
झाला नाही.

कंपनीला फोन केला. तियाना नावाच्या बाईने विचारलं, काका, चावी लावली आहे का? म्हणालो, आम्ही दिवसा खोलीला चावी लावत नाही, गाव सभ्य आहे. ती म्हणाली, चावी लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडणारच नाही. हे आधी सांगायचं! एप्रनमधून खोलीची चावी मिळवली, दार आतून लावलं. काही नाही. आणखी जोरात फिरवली. चावी अडकली.

देसांकाने बाहेरून विचारलं, ताट खिडकीतून देऊ का? पण खिडकी हलेना. काडी पक्की बसली आहे. माझं काम असंच असतं.

शेवटी गाव्राने बिजागऱ्या काढून दार उतरवलं. जाताना मला म्हणाला, अरे स्वेता, तुझ्या ठरावामुळे मीसुद्धा तो प्रोग्रॅम घेतला बरं का. बिचारा. त्याला कुठला चालवता येतोय!

२५ एप्रिल, शनिवार
तियानाचा फोन. म्हणाली, काका, काल घाईत राहिलं, चावी म्हणजे... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, पोरी, चावीचं नाव काढू नकोस. माझं दार अंगणात पडलं आहे.

फोन ठेवला. कधीकधी कडक व्हावं लागतं.

२६ एप्रिल, रविवार
महाराणी पहिली आली! आकाशात दुसरं पाखरू नव्हतं. पाटावर अशी उतरली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉम्प्युटर शालीत गप्प.

ओरडून गाव्राला साक्षीला बोलावलं. म्हणाला, पाहिलं रे, पहिलीच आली. पण वेळ कुठे टिपली? तेवढ्यात त्याच्या छपरावरच्या पाटावर त्याचं पाखरू उतरलं आणि भिंतीपलीकडे त्याच्या कॉम्प्युटरने 'टुंग' केलं.

महाराणी खिडकीवर जाऊन बसली. तिला मका द्यायला देसांकाने खिडकीला हिसका दिला. काडी टपकन खाली पडली. गाव्राने उचलली. म्हणाला, अरे, ही तर प्रोग्रॅमची चावी! प्रोग्रॅम सुरू होतानाच ती लागते. मलाही मिळाली आहे, मी पाठीमागे लावली.

शाल सोडली, कॉम्प्युटर सुरू केला, चावी लावली. प्रोग्रॅम लगेच उघडला. महाराणीला उचलून पाटावर ठेवलं. 'टुंग'. तोवर गावातली बहुतेक पाखरं घरी पोचून दाणे टिपत होती.

कप गाव्राला. क्लबचा सेक्रेटरी म्हणून मीच दिला. ठराव माझाच.

खिडकी पुन्हा खडखडते आहे. फटीत काय घालावं, गाव्राला विचारलं. त्याने टेबलावरच्या ठरावाच्या कागदाकडे बोट दाखवलं.

चार घड्या घालून बसवला. अगदी मापाचा.