गालावरचे पांढरे दाणे

आबा, मी तुमची थोरली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मीच म्हातारी आहे, तेव्हा मधे बोलू नका. आपल्या घरची बोली लिहायला घेतली तर ती अक्षरांत मावत नाही, म्हणून मास्तरांनी चौथीपर्यंत शिकवली तीच भाषा वापरते. चुका दिसल्या तर पुढची शाळा कुणी बंद केली ते आठवा.

आज सकाळी नातसून हाका मारत आली. मी हल्ली आचोळ्याला नातवाच्या फ्लॅटमध्ये असते. तिथं हॉलमध्ये काचेची पेटी आहे, तिच्यात सोनेरी मासे. "आजी, याला व्हाइट स्पॉट झालाय. मोबाईलवर बघितलं मी, औषध पण मागवलंय." मी चष्मा लावून पाहिलं. दाणे होते खरे, पण फक्त दोन्ही गालांवर, कल्ल्यांच्या झाकणावर, आणि पुढच्या पंखांच्या कडेला. पाठ स्वच्छ, शेपटी स्वच्छ. खाणं टाकलं तर सगळ्यांच्या आधी हाच धावला. मी म्हटलं, "औषधाची बाटली फोडू नको. हा तर..." आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. तो शब्द तुमचा आहे. लग्न ठरलं त्या दिवसापासून मी तो उच्चारलेला नाही.

तुम्ही विड्याची पानं घेऊन मुंबईला जायचात. तिथल्या कुणा शेटनं आपल्या बागेच्या कारंज्यातले मासे तुम्हाला दिले आणि तुम्ही ते मातीच्या डेऱ्यात घालून आपल्या गावी, पापडीला आणलेत. आई म्हणाली, "खायचे नाहीत तर आणले कशाला?" तुम्ही ते विहिरीशेजारच्या दगडी कुंडीत सोडलेत, रहाटाचं पाणी पडायचं तिथं, आणि मला सांगितलंत, "बाय, हे तुझे." आपल्या घरात तोवर 'हे तुझे' म्हणून मला मिळालं होतं ते केरसुणी आणि धाकटी भावंडं.

पहिल्याच पावसाळ्यात माशांच्या अंगभर पांढरे दाणे उठले, जसं कुणी वरून मीठ भुरभुरलंय. पंख मिटून बसत, दगडाला अंग घासत. आईनं वाकून पाहिलं आणि हात जोडले. "देवी आल्यात." झालं. कुंडीवर कडुनिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद, तळण बंद, औषधाचं नाव काढायचं नाही. माणसाला देवी आल्या तर जे करायचं ते सगळं माशांसाठी केलं, आणि मासे पटापट मेले. उरले ते थोडेच. तुम्ही शेटच्या माळ्याला विचारून आलात: ही देवी नव्हे, हा माशांचा रोग. आजारी असेल तो वेगळ्या घमेल्यात काढायचा, पाण्यात खडेमीठ विरघळवायचं, घमेलं कोवळ्या उन्हाला ठेवायचं, पाणी रोज थोडं बदलायचं. आईला चोरून आपण दोघांनी ते केलं. मिठागरावरचं मीठ मी पदराखाली लपवून आणायचे. उरलेले वाचले. तिथून पुढं माशांचं सगळं मीच पाहू लागले. पोट फुगून उलटा तरंगला तर उपाशी ठेवायचा. सगळे वर येऊन तोंड वासायला लागले तर पाणी शिळं झालं, रहाट चालू करायचा. एकाची शेपटी कडेनं कुजत आली, तेव्हा मीठपाणी केलं, हळद लावली आणि त्याला रोज ताज्या पाण्यात घातलं. शेपटी भरून आली, फक्त वरच्या कोपऱ्याला नखाएवढी खाच राहिली. तुम्ही मला डॉक्टरीण म्हणायला लागलात.

मग एका माघात त्याच खाचवाल्याच्या गालांवर दाणे आले. आई पुन्हा डहाळा घेऊन धावली, पुन्हा फोडणी बंद. सगळं घर अळणी, पांचट कालवण गिळतंय आणि हा पठ्ठ्या कुंडीभर माद्यांच्या मागं पळतोय. मी तुम्हाला म्हटलं, आबा, आजारी असा पळतो का? आणि अंगावर कुठंच नाहीत, गालांवरच कसे, दोन्हीकडे सारखे? तुम्ही कुंडीवर ओणवे होऊन पाहिलंत. शेवाळाला अंडी चिकटली होती. तुम्ही इतके हसलात की रहाटाचा बैल थांबला. "देवी नव्हेत गं बाय. नवरदेव आहे हा! मुंडावळ्या बांधून बसलाय." तेव्हापासून तो आपला शब्द झाला, आपल्या दोघांचा. दर माघात तुम्ही कामावरून आलात की विचारायचात, "काय डॉक्टरीण, देवी की नवरदेव?" आईला वाटायचं दोघांना वेड लागलं.

दोन-तीन वर्षांनी आपल्या वाडीतल्या माझ्या वयाच्या पोरींची एकेक करून लग्नं ठरत होती. मी तुम्हाला कुंडीपाशी विचारलं होतं, माझंही ठरवताय का. तुम्ही म्हणालात, "तुला विचारल्याशिवाय तुझं काही ठरणार नाही." मी पुन्हा विचारलं नाही. तुमचं बोलणं दोनदा विचारायची गरज मला तोवर पडली नव्हती.

पुढच्या माघात एका सकाळी तुम्ही सांगितलंत, खाचवाला गेला. पहाटे वर तरंगत होता, केळीच्या बुडाशी पुरला. मी रडले नाही, पण त्या केळीला बरेच दिवस जास्त पाणी घातलं. नंतर तिला केळ्यांचा लोंगर चांगला आला, तोही खाली कुणी नसताना.

मग तुम्ही म्हणालात, आगाशीला एका घरी मासा आजारी आहे, अंगावर पांढरं उठलंय, कुणाला कळत नाही, तुला बोलावलंय. मला! आई वेणी घालते, अबोलीचा गजरा माळते, नवं लुगडं काढते. मी म्हणते, "माशाला बघायला गजरा कशाला?" ती म्हणते, "लोकांच्या घरी भिकारणीसारखी जाशील?" मी मिठाची पुरचुंडी बांधून बैलगाडीत बसते.

आगाशीच्या त्या ओटीवर पितळेचं घंगाळ, भोवती बाया. एक म्हातारी विचारते, "सुई ओवता येते का गं?" मी म्हणते, "माशाला टाके घालायचे नसतात." सगळ्या हसतात. दुसरी म्हणते, "जरा चालून दाखव, घंगाळ त्या बाजूनं पण बघ." मला वाटतं, या मला अडाणी समजून परीक्षा घेतायत, घेऊ देत. मी वाकते. गालांवर दाणे, बाकी अंग लख्ख. तुम्ही खांबाला टेकून विचारता, "काय डॉक्टरीण, देवी की?" आणि मी, मूर्ख, भरल्या ओटीवर खणखणीत सांगते, "देवी नाहीत. नवरदेव आहे हा."

ओटी कोसळेल असा हशा झाला. म्हातारीनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "अगं बाय! आल्या आल्या नवरदेव ओळखला हिनं!" सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसत होतात. तेवढ्यात मासा वळला आणि शेपटीच्या वरच्या कोपऱ्याला मला नखाएवढी खाच दिसली. मी वर पाहिलं. तुम्ही आढ्याकडे बघत होतात.

परत येताना गाडी गावाबाहेर पडली. मग मी म्हटलं, "तो मेला नव्हता."

"नव्हता."

"मग केळीखाली काय पुरलंत?"

"काही नाही. नुसती माती उकरली."

"मला विचारणार होतात."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून?"

"म्हणून नाही विचारलं." आणि मला बरं वाटावं म्हणून, "पण ओळखलास की नाही बरोबर? सगळे खूष झाले."

वैशाखात लग्न झालं. मासा माझ्याआधीच पाठराखीण होऊन तिथं बसला होता. नवरा वाईट निघाला नाही, त्यात तुमची काही करामत नाही. तुम्ही सणाला यायचात, मी पाणी द्यायचे आणि आत जायचे. तुम्ही ओटीवरून "डॉक्टरीण" म्हणून हाक मारायचात, मी ओ द्यायचे नाही. लग्न लावून दिलंत याचा राग नव्हता हो. त्या वेळी सगळ्यांचीच लावत होते, न विचारताच. शेजारच्या पोरींना बापानं फरफटत नेलं, पण निदान त्यांना माहीत तरी होतं कुठं चाललोय. मला तुम्ही माझ्याच हुशारीला बांधून नेलंत. आपल्या दोघांचा शब्द माझ्याच तोंडून वदवलात आणि त्यांच्यात बसून हसलात. त्यानंतर कुणी मला शाबास म्हटलं की मी आधी बघते, दारात कुणाची गाडी उभी आहे का.

नातसुनेला मी शेवटी सांगितलं, "नर आहे तो. आजार नाही." तिनं मोबाईलवर पुन्हा शोधलं आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, दिसतं.

माशांच्या पेटीचं स्टूल एका पायानं डुगडुगतं, त्याखाली घालायला घडी केलेला कागद हवाच आहे. हा तिथं जाईल. एक तेवढं लिहायचं राहिलं. आगाशीला जाताना निर्मळ गावाच्या आसपास कुणीतरी गाडी पाहून विचारलं होतं, "काय, कुठं निघालात बापलेक?" आणि तुम्ही म्हणालात, "आमची पोरगी मासा तपासायला चाललीय, तिला बोलावणं आलंय." ते खोटं होतं, आबा. पण ते ऐकून मांडीवरची मिठाची पुरचुंडी धरून मी जशी बसले होते, तशी आयुष्यात पुन्हा कुठंच बसले नाही.